बांधकामातील वायुधोका आणि जोखीम-मूल्यमापन : दोन दुर्घटनांचा ऐतिहासिक अभ्यास

बांधकामावरील धोक्यांची यादी करताना उंचावरून पडणे, माती ढासळणे, विजेचा धक्का बसणे यांचा विचार प्रथम होतो. वायूचा धोका डोळ्यांना दिसत नसल्याने तो पुष्कळदा दुर्लक्षित राहतो, किंवा खोदकाम संपेपर्यंतच लक्षात घेतला जातो. ही मर्यादा किती घातक ठरते, हे इंग्लंडमधील दोन घटनांच्या आधारे प्रस्तुत निबंधात पाहावयाचे आहे.

डर्बीशायरमधील कार्सिंग्टन धरणाचे काम चालू असता १९८३ मध्ये एका तपासणी-कूपात चार कामगार गुदमरून मृत्युमुखी पडले. शेल खडकातील पायराइटचे हवा व पाणी यांच्या संपर्काने गंधकाम्ल झाले आणि निचऱ्यासाठी घातलेल्या चुनखडीशी त्याची प्रक्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड निर्माण झाला. हवेपेक्षा जड असलेला हा वायू कूपात साचला. धोका एकेका साहित्यात नव्हता, तर त्यांच्या संयोगात होता.

दुसरी घटना लँकेशायरमधील ॲबीस्टेड येथील होय. लून नदीचे पाणी बोगद्यातून वायर नदीत सोडणारी ही योजना १९८० मध्ये सुरू झाली. योजनेमुळे पूर येतो काय, या शंकेच्या निरसनार्थ २३ मे १९८४ रोजी परिसरातील ग्रामस्थांना तेथील भूमिगत व्हॉल्व्ह-हाऊस दाखविण्यात येत होते. तत्पूर्वी सतरा दिवस पंप बंद होते. त्या काळात बोगद्यातील पाणी ओसरून निर्माण झालेल्या पोकळीत, भूजलात विरघळून आलेला मिथेन साचला. पंप सुरू होताच पाण्याने तो वायू व्हॉल्व्ह-हाऊसमध्ये लोटला आणि स्फोट झाला. सोळा जणांचा मृत्यू झाला. पुढे न्यायालयीन लढ्यात कनिष्ठ न्यायालयाने रचनाकार, जलप्राधिकरण व कंत्राटदार या तिघांनाही जबाबदार धरले. तथापि १९८८ मध्ये अपील न्यायालयाने बहुमताने केवळ रचनाकार अभियंत्यांचे दायित्व कायम ठेवले.

या दोन घटनांवरून असे दिसते की, ‘आज येथे वायू आहे काय?’ एवढाच प्रश्न अपुरा आहे. वायू कोठून येईल, कोठे साचेल, यंत्रणा बंद राहिल्यास काय होईल आणि त्या वेळी तेथे कोण असेल, हे प्रश्न आराखड्याच्या टप्प्यावरच विचारले पाहिजेत. ब्रिटनमध्ये १९९४ च्या बांधकामविषयक नियमांनी रचनाकारांवर सुरक्षिततेची वैधानिक कर्तव्ये सोपविली. वायुमापक यंत्र त्या क्षणाची स्थिती सांगते. वास्तूच्या संपूर्ण आयुष्याचा विचार मात्र अभियंत्यालाच करावा लागतो.