कुडाचे घर (वाशीम जिल्हा)

कुडाच्या भिंती आणि गवताचे छप्पर असलेले वऱ्हाडातील पारंपरिक घर. वाशीम जिल्ह्यात (१९९८ पर्यंत अकोला जिल्ह्याचा भाग) ते मजुरांच्या वस्त्यांत, बंजारा तांड्यांवर आणि शेतातल्या राखणीच्या खोपडीच्या रूपात आढळते. खात्यापित्या घरांनी धाबे किंवा कवेलू पसंत केले; कूड गरिबीची खूण ठरला आणि त्यातल्या कसबाकडे कुणी फारसे पाहिले नाही.

बांधणी मेढींपासून सुरू होते. बाभळीच्या किंवा धावड्याच्या बेळक्याच्या मेढी बुड जाळून पुरतात, म्हणजे उधई लवकर लागत नाही. त्यांवर आढे, आढ्यावरून दोन्ही पाख्यांना वासे. छपराचा भार मेढींवर; भिंत केवळ आडोसा. तुराट्या किंवा पऱ्हाट्या विणून हा कूड उभा करतात आणि शेण, माती व गव्हांड्याच्या काल्याने आतबाहेर लिपतात. काळ्या जमिनीत हे शहाणपणाचेच. पावसाळ्यात फुगणाऱ्या आणि उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या मातीवर उथळ पायाची विटांची भिंत तडकते. कूड थोडा हलतो. भेग पडली तर घरची बाई ती लिपून टाकते.

छपरात महत्त्व उताराला. गवत पाणी अडवत नाही, ओघळवते. पाखे सपाट झाले की ते कुजते. म्हणून वळचणीकडून आढ्याकडे, थरावर थर चढवत शाकारतात. साहित्य कुसळी गवत, नाहीतर ज्वारीचा कडबा. बांधायला अंबाडीचा किंवा पळसाच्या मुळांचा वाक. दर काही पावसाळ्यांनी छप्पर नव्याने शाकारावे लागते.

शेक्सपिअरच्या पत्नीचे, ॲन हॅथवेचे, इंग्लंडमधील शॉटरी येथील माहेर याच कुळातले: लाकडी सांगाडा, कुडाच्या भिंती, वर काडाचे छप्पर. १८९२ मध्ये एका न्यासाने ते विकत घेतले आणि १९६९ च्या आगीनंतर दुरुस्त केले. छपरांसाठी लांब काडाचा गहू त्या देशात आजही मुद्दाम पिकवतात.

वाशीमकडे घरकुल योजनांनी कुडाला ‘कच्चे घर’ या रकान्यात टाकले. आगीचे भय, विंचूकाटा आणि वर्षाची डागडुजी यांतून लोक सुटले, हे खरेच. मात्र टिनपत्र्यांखाली मे महिन्याची दुपार काढणे कठीण. गायरानातले गवत घटले, ज्वारीची बरीचशी जागा सोयाबीनने घेतली, आणि सोयाबीनच्या कुटाराने छप्पर शाकारता येत नाही.