योसेमिटी व्हॅली: आरव्ही लावायची कुठे?
बुकिंग रिक्रिएशन डॉट गव्हवर होतं. तारखेआधी साइटची लांबीची मर्यादा बघा. मी बघितली नव्हती. अप्पर पाइन्समध्ये आरव्ही ३५ फुटांपर्यंतच, मित्राची होती ३८ ची. आईबाबांना घेऊन रात्री व्हॅलीबाहेर जावं लागलं! लोअर आणि नॉर्थ पाइन्समध्ये ४० फूट चालते.

वीज-पाण्याचं कनेक्शन कुठल्याच साइटला नाही. जनरेटर ठरावीक वेळेतच लावता येतो, फोन तेव्हाच चार्ज करून घ्या.

मर्सेड नदीकाठची साइट फोटोत भारी दिसते, पण १९९७ च्या जानेवारीतल्या पुरानंतर काठावरची दोन कॅम्पग्राउंड बंद करावी लागली. वसंतात बर्फ वितळलं की पाणी चढतं. तेव्हा मी तरी काठापासून लांबची साइट घेतो.

रेंजचा भरवसा नाही. मॅप ऑफलाइन घ्या, बुकिंगचा स्क्रीनशॉट ठेवा.