स्वमग्नता : संशोधन

स्वमग्नता (ऑटिझम) ही मेंदूच्या जडणघडणीशी निगडित, लहानपणीच दिसू लागणारी आणि आयुष्यभराची अवस्था. मॉस्कोतील ग्रुन्या सुखारेवा यांनी अशा मुलग्यांची वर्णने १९२० च्या दशकातच नोंदवली होती. पण संशोधनाचा आरंभ सामान्यतः लिओ कॅनर यांच्या ११ मुलांवरील १९४३ च्या निबंधापासून मानला जातो.

कारणे : पुढची दोन दशके आईच्या ‘थंड’ वागण्यावर ठपका ठेवला गेला. ब्रुनो बेटलहाइम यांनी या मताचा हिरिरीने पुरस्कार केला. त्याला पुरावा नव्हता, आणि असंख्य आयांनी तो दोष विनाकारण वाहिला. स्वतः स्वमग्न मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड यांनी १९६४ मध्ये जैविक कारणांची बाजू मांडली. १९६९ मध्ये खुद्द कॅनर यांनी पालकांच्या सभेत त्यांना दोषमुक्त ठरवले. १९७७ मध्ये सुझन फोलस्टाइन व मायकेल रटर यांनी ब्रिटनमधील जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या. ११ एकबीज जोड्यांपैकी चारांत दोन्ही भावंडे स्वमग्न होती; १० द्विबीज जोड्यांत एकही नाही. पाच देशांतील २० लाखांवर मुलांच्या नोंदींवरून २०१९ मध्ये आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ८० टक्के आढळला. जनुके अनेक आहेत. पर्यावरणीय घटकांबाबत एकमत नाही.

लस व स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा १९९८ चा निबंध केवळ १२ मुलांवर आधारलेला होता. तो २०१० मध्ये मागे घेण्यात आला. डेन्मार्कमधील साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या अभ्यासात (२०१९) असा संबंध आढळला नाही.

निदान : रक्ततपासणी वा स्कॅनवरून निदान होत नाही, निरीक्षण आणि पालकांशी सविस्तर बोलणे हाच मार्ग. सिकंदराबादच्या राष्ट्रीय मानसिक विकलांग संस्थेने तयार केलेल्या भारतीय मापनश्रेणीत ४० बाबी आहेत : नजरेला नजर न देणे, ऐकलेलेच शब्द पुन्हा उच्चारणे, नित्यक्रम बदलू न देणे इत्यादी. प्रत्येकीला १ ते ५ गुण. बेरीज ७० पेक्षा कमी असल्यास स्वमग्नता नाही, १५३ च्या वर गेल्यास तीव्र.

उपचार : मूळ लक्षणांवर सर्वमान्य औषध नाही. रिस्पेरिडोन चिडचिड व आक्रमकतेपुरते दिले जाते. वाचोपचार व व्यवसायोपचार प्रचलित.

येथे गोव्यातील प्रयोग विशेष महत्त्वाचा. तेथील संगत संस्थेत व पाकिस्तानातील रावळपिंडीत ६५ मुलांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी पालक-मुलाच्या खेळाचे चित्रीकरण करून ते पालकांसोबतच पाहिले. मुलाच्या बारीकशा खुणेला पालकाने नेमका प्रतिसाद दिला ते क्षण दाखवले. पालकांचा प्रतिसाद सुधारला, मुले आपणहून संवाद सुरू करू लागली. दोघांनी मिळून एकाच गोष्टीकडे लक्ष देण्याचा वेळ मात्र घटला. ज्या पालकांना एकेकाळी कारण ठरवले, तेच येथे उपचाराचे मुख्य माध्यम झाले. बालविकासतज्ज्ञ दुर्मीळ असलेल्या प्रदेशांसाठी ही पद्धत सर्वाधिक उपयोगी वाटते.

प्रौढ वय : भारतीय संशोधन तुरळक, ते तातडीने व्हायला हवे.