गोपाचलावरून दिसणारे ग्वाल्हेर

किल्ला हा शब्द उच्चारताच मराठी मनापुढे सह्याद्री उभा राहतो. राजगड, रायगड, प्रतापगड ही नावे आपणांस बालवयातच पाठ होतात, आणि गड म्हणजे स्वराज्याचा आधार ही व्याख्या अंतःकरणात कायमची ठसते. परंतु कित्येक पिढ्या ग्वाल्हेरीस राहिलेल्या मराठी माणसाच्या दृष्टीस रोज जो गड पडतो, तो या व्याख्येत बसत नाही. हा गड मराठ्यांनी बांधला नाही, आणि त्यांच्या हाती तो अखंडपणे राहिलाही नाही. मग या गडाशी आपले नाते कोणते? या प्रश्नाचे उत्तर ग्रंथांत शोधण्यापूर्वी एकवार पायी गड चढून जावे, हे उत्तम.

वालुकाश्माची ही सपाट माथ्याची टेकडी दक्षिणोत्तर सुमारे अडीच ते तीन किलोमीटर पसरली असून सभोवतालच्या सपाटीपासून ती शंभर मीटरच्या आसपास उंच आहे. जुन्या कोरीव लेखांत तिला गोपगिरी, गोपाद्रि अशी नावे आढळतात. हूण राजा मिहिरकुल याच्या कारकीर्दीच्या पंधराव्या वर्षी येथे सूर्यमंदिर बांधल्याचा लेख सापडला असून तो सहाव्या शतकातील आहे. म्हणजे चौदाशे वर्षांहून अधिक काळ या खडकाचे नाव इतिहासात आहे. वाहने पश्चिमेच्या उरवाई दरवाजाने वर जातात; पण शहराचा आणि गडाचा संबंध समजून घ्यावयाचा असेल, तर पूर्वेकडील जुन्या वस्तीतून निघणारी फरसबंद चढणच धरावी. पायथ्याशी गुजरी महाल लागतो. राजा मानसिंह तोमर याने आपल्या मृगनयनी राणीसाठी तो बांधला, आणि आज तेथे पुराणवस्तुसंग्रहालय आहे. पुढे एकामागून एक दरवाजे ओलांडीत वाट चढू लागते.

या वाटेवर एका वळणापाशी अखंड खडकातून कोरून काढलेले लहानसे चतुर्भुज मंदिर आहे. वर दिसणाऱ्या प्रासादाच्या ओढीने बहुतेक प्रवासी त्याच्यासमोरून तसेच निघून जातात. परंतु शिक्षकाने येथे थांबलेच पाहिजे. या मंदिरातील विक्रम संवत् ९३३ चा, म्हणजे इ. स. ८७६ चा लेख एका दानाची नोंद करतो. नगरवासीयांनी देवाच्या फुलबागेसाठी २७० हात लांब व १८७ हात रुंद जमीन दिली, आणि देवास रोज ५० माळा अर्पण करण्याची व्यवस्था झाली. या २७० मध्ये आणि ५० मध्ये शून्य आहे. ते आज आपण लिहितो तसेच, लहान वर्तुळाच्या रूपात कोरलेले आहे. कंबोडियातील इ. स. ६८३ च्या एका लेखात बिंदुरूप शून्य याहून आधीचे मिळते. तरी भारतातील शून्याच्या जुन्यात जुन्या कोरीव आकड्यांत ग्वाल्हेरच्या या शून्याची गणना होते. जगाच्या गणितात मोलाचे ठरलेले हे चिन्ह कोणा राजाच्या विजयस्तंभावर नसून माळ्यांच्या हिशेबात आढळावे, ही गोष्ट मननीय आहे.

माथ्यावर पोहोचल्यावर मान मंदिराची पूर्वेकडील भिंत समोर येते. मानसिंहाने १४८६ ते १५१६ या काळात राज्य केले. त्याच्या या प्रासादाच्या बाह्यांगावर निळ्या, हिरव्या व पिवळ्या रंगाच्या फरशा बसविलेल्या असून त्यांत हंसांच्या रांगा, हत्ती आणि केळीची झाडे आहेत. पाच शतकांच्या उन्हापावसानंतरही तो निळा रंग मावळलेला नाही. ध्रुपद गायनास याच दरबारात मोठा आश्रय मिळाला, आणि ‘मानकुतूहल’ हा संगीतविषयक ग्रंथ या राजाच्या नावावर सांगितला जातो. परंतु याच प्रासादाचे तळमजले खडकाच्या पोटात उतरतात, आणि मोगल अमदानीत त्यांचा उपयोग बंदिशाळा म्हणून झाला. औरंगजेबाचा सख्खा भाऊ मुराद याला १६६१ मध्ये याच किल्ल्यावर देहान्त शासन झाले. दाराशुकोहचा पुत्र सुलेमान याचाही अंत १६६२ मध्ये येथील कैदेतच झाला. शिखांचे सहावे गुरू हरगोविंद यांना जहांगीराने येथेच बंदीत ठेविले होते. सुटका होताना त्यांनी आपल्याबरोबर बावन्न राजबंद्यांनाही मुक्त करविले, अशी परंपरा आहे. त्या स्मृतीचे दाता बंदीछोड गुरुद्वार आज गडावर उभे आहे. वर रंगीत हंस आणि खाली अंधारकोठडी, असा हा एकच वाडा आहे. मुलांना राजसत्तेचे स्वरूप समजावून सांगण्यास याहून बोलका धडा मिळणे कठीण.

उरवाईच्या दरीत पंधराव्या शतकात, तोमरांच्या राजवटीत, कड्यांत कोरलेल्या प्रचंड जैन मूर्ती आहेत. त्यांतील सर्वांत मोठी सुमारे ५७ फूट उंच आहे. १५२८ मध्ये बाबर हा किल्ला पाहण्यास आला होता. त्याने मानसिंहाच्या वाड्याची नोंद घेतली आणि या मूर्ती भग्न करण्याची आज्ञा दिल्याचेही आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेविले. पुढे भाविकांनी कित्येक मूर्तींची मुखे पुन्हा घडवून बसविली. मोडणाऱ्याची आज्ञा आणि जोडणाऱ्यांचे हात अशी दोन्ही साक्ष त्या कड्यावर एकत्र वाचावयास मिळते.

आता मराठ्यांचा काळ. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हा किल्ला इतक्या वेळा हातोहात फिरला की त्याची जंत्री पाठ करताना विद्यार्थी दमून जातात. १७८० च्या ३ ऑगस्टच्या रात्री कॅप्टन पॉपॅमच्या शिपायांनी पायांत कापूस भरलेले जोडे घालून, शिड्या लावून, शिंद्यांच्या शिबंदीकडून तो घेतला. इंग्रजांनी तो गोहदच्या राण्याला दिला, आणि थोड्याच वर्षांत महादजी शिंद्यांनी तो पुन्हा जिंकला. १८०४ मध्ये तो पुन्हा इंग्रजांकडे गेला आणि १८०५ मध्ये परत आला. २९ डिसेंबर १८४३ रोजी महाराजपूर व पनिहार येथे दोन लढाया झाल्या आणि ग्वाल्हेर दरबारावर इंग्रजांची पकड घट्ट बसली.

यानंतरचे प्रकरण आपणां मराठी शिक्षकांस सर्वांत अवघड आहे. १ जून १८५८ रोजी मुरारजवळ जयाजीराव शिंदे यांची फौज तात्या टोपे, रावसाहेब आणि झाशीची राणी लक्ष्मीबाई यांना जाऊन मिळाली. महाराज आग्र्याकडे निघून गेले आणि ग्वाल्हेरीस पेशवाईची द्वाही फिरली. तीन आठवडे पुरते झाले नाहीत तोच राणीसाहेब कोटा-की-सरायच्या रणात पडल्या. दिवस १७ जून की १८ जून याविषयी नोंदींत मतभेद आहे. २० जूनला गड इंग्रजांच्या हाती आला. जिंकणारे, निघून जाणारे आणि मरणारे असे सर्व प्रमुख मराठी बोलणारेच होते. बंडानंतर झाशी शहर शिंद्यांच्या पदरी घालण्यात आले, आणि १८८६ मध्ये तेच शहर इंग्रजांना परत देऊन त्याच्या मोबदल्यात ग्वाल्हेरचा गड दरबाराने मिळविला. ज्या झाशीसाठी राणी लढली, ती झाशी देऊन, जिच्या परिसरात राणी पडली, तो गड घेतला गेला. पाठ्यपुस्तकांत हे एक वाक्य क्वचितच येते. आपल्या विद्यार्थ्यांत सरदार-मानकऱ्यांच्या घराण्यांतील मुले असतात, तशीच राणीचे पोवाडे घरी ऐकून आलेलीही असतात. त्यांच्यापुढे एकाच बाजूची गोष्ट सांगणे सोपे असते. परंतु शिक्षकाने सोपे टाळून दोन्ही बाजू सांगाव्यात, आणि निवाडा घाईने देऊ नये.

मान मंदिराजवळच्या तटावरून खाली पाहिले म्हणजे या प्रश्नाला एक निराळे उत्तर मिळते. अगदी पायथ्याशी जुने ग्वाल्हेर आहे. तेथे घौस महंमदाच्या कबरीची जाळीदार इमारत आणि तिच्याशेजारी तानसेनाची साधीशी समाधी आहे. दक्षिणेकडे लष्कर पसरले आहे. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांची छावणी येथे स्थिरावली, आणि तंबूंच्या जागी गल्ल्या, वाडे व देवळे होऊन छावणीचे शहर झाले. नाव मात्र लष्करच राहिले. लष्कर आणि गड यांच्या दरम्यान फूलबागेत राणीची समाधी आहे. गडावर मराठ्यांनी उभारलेली मान मंदिराच्या तोडीची एकही वास्तू नाही. त्यांचे कर्तृत्व पाहावयाचे असेल, तर ते या खालच्या वस्तीत पाहावे. याच वस्तीत हस्सू-हद्दू खाँ यांच्या गायकीने वासुदेवबुवा जोशी तयार झाले. त्यांच्याकडून ती विद्या बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांनी घेतली, आणि बाळकृष्णबुवांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ मध्ये लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले. किल्ला अनेकांनी घेतला आणि गमावला. ही विद्या मात्र घेतल्यानेही कोणाची उणी झाली नाही.

म्हणून वाटते की, ग्वाल्हेरच्या गडाची सहल सनावळीने सुरू करू नये. प्रथम चतुर्भुज मंदिरापाशी मुलांना बसवून त्या फुलबागेचा हिशेब फळ्यावर मांडावा तसा जमिनीवर मांडून दाखवावा. मग मान मंदिराचे हंस आणि त्याखालचे तळघर, ही दोन्ही दाखवावी. आणि शेवटी तटावरून शहर दाखवून ज्याने त्याने आपली गल्ली शोधावी. गडाच्या मालकीविषयी मुलांनी विचारले, तर प्रतिहारांपासून शिंद्यांपर्यंतची नावे सांगावीत, झाशीच्या मोबदल्याची गोष्टही लपवू नये, आणि ते २७० हात जमीन देणारे नगरवासी कोण होते, हे त्यांनाच विचारावे.