माळ आणि निश्चय

बीड तालुक्यांतील नेकनूर या गांवीं बंकटस्वामी महाराजांचा मठ आहे. विष्णुबुवा जोग यांनीं १९१७ सालीं आळंदीस वारकरी शिक्षण संस्था स्थापिली. त्यांच्याभोवतीं जमलेल्या शिष्यमंडळींत बंकटस्वामी होते. त्या काळीं हा मुलूख निजामाच्या अमलाखालीं होता, आणि अबकारीचें उत्पन्न त्या राज्याच्या तिजोरीस मोठा आधार होतें. अशा मुलखांत तुळशीची माळ घालणारा गृहस्थ मद्य वर्ज्य करी. माळ ही कांहीं व्यसनमुक्तीची युक्ति नव्हे, ती भक्तीची खूण. तथापि मनाच्या दृष्टीनें तिचें कार्य विचार करण्याजोगें आहे.

दारू नुसत्या निश्चयानें सुटते, अशी आम्हां सुशिक्षितांची समजूत असते. १९१९ सालीं रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ नाटकांत सुधाकराचा निश्चय खोटा नसतो. परंतु काम मागूं गेला असतां पदरीं अपमान येतो, आणि तो पुन्हां प्याल्याकडे वळतो. पहिला प्यालाहि अपमानाच्या दुःखांतच हातीं आलेला असतो. निश्चय त्याचा एकट्याचा. उपहास मात्र साऱ्या गांवाचा!

माळकऱ्याची स्थिति निराळी. दारूच्या वेळेस त्याला भजन मिळतें, बैठकीच्या जागीं नवी सोबत मिळते, आणि ‘माळकरी’ हें नांव मिळतें. त्यास कोणी आग्रह करीत नाहीं. म्हणून नकाराची लढाईहि त्यास रोज नव्यानें लढावी लागत नाहीं. १९३५ सालीं अमेरिकेंतील अ‍ॅक्रन शहरीं एक शेअर-दलाल व एक शस्त्रवैद्य, दोघेहि मद्यासक्त, एकमेकांस भेटले, आणि त्यांतून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ उभी राहिली. तेथेंहि मर्म हेंच : समदुःखी माणसांची संगत, आणि जन्मभराची नव्हे, तर आजच्या दिवसाची प्रतिज्ञा. पुण्यास १९८६ सालीं डॉ. अनिता व अनिल अवचट यांनीं ‘मुक्तांगण’ काढलें; तेथें औषधांबरोबर गटांतील मोकळें बोलणें आलें, आणि घरच्यांचाहि विचार झाला.

माळ म्हणजे औषध नव्हे, हेंहि सांगितलें पाहिजे. वर्षानुवर्षें अतिशय पिणाऱ्यानें एकाएकीं दारू तोडल्यास कंप, झटके, भ्रम होऊन प्राणावरहि बेततें. तेथें प्रथम वैद्यकीय उपचारच हवेत. पण शरीर सांवरल्यावर तो घरीं येतो, आणि खरा प्रश्न पहिल्याच संध्याकाळीं उभा राहतो. त्या वेळीं घरच्यांनीं मागचा हिशेब काढावा, कीं त्याच्याजवळ बसावें, याचें उत्तर आम्हीं आपल्याच ओसरीवर द्यावयाचें आहे.