नाळ

मराठी चित्रपट, प्रदर्शन १६ नोव्हेंबर २०१८. कथा, दिग्दर्शन व छायालेखन सुधाकर रेड्डी यक्कंटी. संवाद नागराज मंजुळे. प्रमुख भूमिका : श्रीनिवास पोकळे (चैत्या), देविका दफ्तरदार (आई), नागराज मंजुळे (वडील), दीप्ती देवी (जन्मदात्री).

कथानक : विदर्भातील नदीकाठचे खेडे. आठेक वर्षांच्या चैत्याला पाहुणा आलेला मामा बोलता बोलता सांगून जातो, की आई तुझी सख्खी नव्हे. मोठ्यांना विचारण्याचे धाडस त्याला होत नाही. तो आईचे वागणेच तपासू लागतो. पुढे आजीचे निधन होते, आणि त्या निमित्ताने जन्मदात्री घरी येते.

छायालेखन : यक्कंटी मूळचे तेलुगू भाषक, ‘देऊळ’ (२०११) आणि ‘सैराट’ (२०१६) यांचे छायालेखक. दिग्दर्शक म्हणून हा त्यांचा पहिला चित्रपट, आणि कॅमेराही त्यांनी स्वतःच सांभाळला. दत्तकाची बाब प्रेक्षकाला चैत्याबरोबरच कळते. त्याच्याआधी कोणी काही सांगत नाही. पुढचा संशयही बराचसा नजरेतून कळतो : आई कुणाकडे पाहते, कुणाकडे पाहत नाही. संवाद वऱ्हाडी वळणाचे असले तरी चित्रपटाचा भार दृश्यांवर आहे. मंजुळे यांच्या नावामुळे हे श्रेय अनेकदा झाकले जाते.

तुलना : अक्तान आरिम कुबात यांचा किर्गिझ चित्रपट ‘बेशकेम्पिर’ (१९९८) याच विषयाचा. तेथे दत्तकविधी सुरुवातीलाच दाखवलेला असल्याने प्रेक्षकाला मुलाआधी सारे ठाऊक असते. मुलाला ते मित्राशी झालेल्या भांडणात कळते. आजीचा मृत्यू दोन्हीकडे आहे. मात्र किर्गिझ मुलावर त्या वेळी घरचा पुरुष म्हणून कर्तव्य येते, तर चैत्या केवळ जन्मदात्रीची वाट पाहतो. त्यामुळे ‘बेशकेम्पिर’ वयात येण्याची कथा ठरते; ‘नाळ’ त्याच्या उंबरठ्याशीच थांबतो. एकाचा दुसऱ्यावर प्रभाव असल्याचे मात्र या साम्यावरून ठरत नाही.

संगीत : ए. व्ही. प्रफुल्लचंद्र. ‘जाऊ दे न वं’ हे गीत गाजले.

पुरस्कार : ६६ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत दिग्दर्शकाच्या पदार्पणातील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा इंदिरा गांधी पुरस्कार, पोकळे यांना बालकलाकाराचा पुरस्कार (विभागून).

उत्तरभाग : ‘नाळ भाग २’ (१० नोव्हेंबर २०२३). चैत्या जन्मदात्रीच्या घरी जातो. तेथे त्याला धाकटी बहीण भेटते. ७१ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट बालचित्रपट. बालकलाकारांच्या विभागून दिलेल्या पुरस्कारात त्रिशा ठोसर, पोकळे व भार्गव जगताप.