कृत्रिम ओपलची कुळकथा

ओपल म्हणजे पाणी धरून ठेवलेली सिलिका. खडा कलता केला की तांबडा ठिपका हिरवा होतो, हिरवा विझतो. त्यात रंगद्रव्य नसताना हे रंग येतात कुठून, हे कोडे बराच काळ सुटले नव्हते. डेव्हिड ब्रूस्टर यांनी 19व्या शतकात सूक्ष्म पोकळ्यांना श्रेय दिले. 1953मध्ये बंगळूरला चं. वें. रामन आणि ए. जयरामन यांनी आलटून पालटून रचलेल्या थरांचे स्पष्टीकरण मांडले. नियमित रचनेचा त्यांचा अंदाज बरोबर होता. थर कशाचे, एवढेच हुकले.

1964मध्ये मेलबर्नच्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेत जे. व्ही. सँडर्स यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ओपल पाहिला आणि सिलिकाचे एकसारखे गोळे दिसले, फळवाल्याने रचलेल्या संत्र्यांसारखे. गोळ्यांचा व्यास सुमारे 200 नॅनोमीटर असेल तर निळा रंग उमटतो, 300च्या आसपास तांबडाही. गोळे लहानमोठे असले की रास विस्कटते आणि खडा नुसता दुधी राहतो. खाणीत असेच दगड जास्त निघतात.

गुपित कळल्यावर नक्कल अवघड नव्हती, वेळखाऊ मात्र होती. गोळे बनवण्याची सर्वांत सोपी रीत वर्नर श्टोबर आणि सहकाऱ्यांनी 1968मध्ये प्रसिद्ध केली: अल्कोहोल, पाणी आणि अमोनियाच्या मिश्रणात टेट्राइथाइल ऑर्थोसिलिकेट घालायचे. सिलिकाचे कण सावकाश, जवळजवळ एकाच मापाने वाढतात. पुढे रचना करायला कोणी लागत नाही. द्रवाच्या रेणूंचे धक्के खात गोळे तळाशी उतरतात आणि दाटी वाढली की आपोआप ओळीत बसतात. घाई केली तर जिथे पडतील तिथेच अडकतात, म्हणून हा साका काही महिने हलवायचा नाही. मग तो सुकवून, तापवून, फटी सिलिकाने किंवा राळेने भरून घट्ट करतात.

फ्रान्समध्ये पिएर जिल्सन यांनी 1974च्या सुमारास असे ओपल बाजारात आणले. पुढे जपानची क्योसेरा कंपनीही या व्यवसायात उतरली. या खड्यांचे रंगीत तुकडे वरून सरड्याच्या कातडीसारखे दिसतात, बाजूने उभ्या खांबांसारखे. रत्नपारखी त्यावरूनच त्यांना ओळखतात.

1998मध्ये ॲमस्टरडॅममध्ये विनहोव्हेन आणि व्हॉस यांनी पॉलिस्टायरीनच्या गोळ्यांची अशीच रास रचली, फटींत टायटॅनियम डायऑक्साइड भरले आणि मग गोळे जाळून टाकले. उरला तो पोकळ्यांचा ओपल. प्रकाशाच्या प्रवासाला वळण देणाऱ्या स्फटिकांच्या संशोधनात तो वापरला जातो.